निळी रेषा दाखवा, मग बटणं रंगवा

वाकड, बाणेर, हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत सध्या एका हुद्द्याला भाव आहे. प्रॉडक्ट डिझाइनचा प्रमुख. बिल्डरांसाठी, एजंटांसाठी, सोसायट्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांना तो हवा असतो. त्याने यायचं, टीम बांधायची आणि 'डिझाइन सिस्टीम' उभी करायची.

डिझाइन सिस्टीम म्हणजे काय? प्रत्येक स्क्रीनवर बटण एकाच मापाचं, रकाना एकाच घडणीचा, रंग ठरलेले, अक्षर ठरलेलं, चूक झाली तर सूचना कुठे यायची तेही ठरलेलं. एकदा ठरवायचं, शंभर ठिकाणी वापरायचं. कल्पना उत्तम आहे. मी तिच्या बाजूचा आहे.

म्हणूनच विचारतो, आजवर ठरवलंत काय?

बटणाच्या कोपऱ्यांची गोलाई ठरली. निळ्याच्या छटा ठरल्या. घराचं नेमकं कोणतं क्षेत्रफळ दाखवायचं, ते मात्र अजून सेल्सचा माणूस ठरवतो.

हे क्षेत्रफळाचं प्रकरण जरा उलगडू. रेरा, म्हणजे स्थावर संपदेच्या नियमनाचा कायदा, 2016 चा. महाराष्ट्रात महारेराचा अंमल मे 2017 पासून. कायद्यातली कार्पेटची व्याख्या स्वच्छ आहे. घराच्या आतल्या भिंती धरायच्या. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी, स्वतंत्र गच्ची सोडायची. आता मोशीतल्या किंवा पुनावळ्यातल्या एखाद्या प्रकल्पाचं पान उघडा. कार्पेट, कार्पेट अधिक बाल्कनी, युजेबल, टोटल युजेबल. सर्वांत मोठा आकडा सर्वांत मोठ्या अक्षरात. रेराचा आकडा? तळाशी, फिकट राखाडी, तोही चौरस मीटरमध्ये.

वर फूट, खाली मीटर. गिऱ्हाइकाने 10.764 ने गुणत बसायचं? ज्या यंत्रावर हे पान उघडलंय, त्याला गुणाकार येतो. तो करायला कुणी सांगितलेलं नाही.

चाकणकडे सरका, तिथे फूट-मीटरही पुरत नाही. तिथे गुंठा चालतो. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. सातबारा मात्र हेक्टर-आरमध्ये. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, गुंठ्याहून थोडा कमी. बोलताना सगळे 'आर म्हणजे गुंठाच' म्हणतात आणि प्लॉट विकणाऱ्यांची ॲप्सही तसंच धरून चालतात. दहा गुंठे आणि दहा आर यांतला फरक होतो 126 चौरस फूट.

दहा बाय बाराची अख्खी खोली गेली. एका आळशी रकान्यात.

बाहेरून आयते उचललेले घटक हा आणखी एक ताप. परदेशी संच तसाच बसवला की 75 लाख रुपये 7,500,000 असे छापले जातात. आपल्याकडे स्वल्पविराम कुठे पडतो, हे चौथीतल्या पोराला ठाऊक आहे. ज्या बाईने आयुष्यभराची बचत लावायची, तिने स्क्रीनवर बोट ठेवून शून्यं मोजायची का?

कर्जासाठी वडील सहअर्जदार. जन्म 1958 चा. जन्मतारखेच्या रकान्यावर टेकलं की या महिन्याचं कॅलेंडर उघडतं. मागे जा, मागे जा, अजून मागे जा. ब्रिटनच्या सरकारी डिझाइन सिस्टीमने हा प्रश्न कधीच सोडवला. पाठ असलेल्या तारखेसाठी तीन साधे रकाने: दिवस, महिना, वर्ष. त्यात काही झगमग नाही, म्हणून आपल्याकडे कुणाला तो उचलावासा वाटत नाही.

आणि मराठी? मराठी शेवटी येते. सगळं इंग्रजीत आखून झालं की कुणाला तरी भाषांतर करायला बसवतात. बटणाची उंची इंग्रजी अक्षराला बेतलेली, त्यामुळे वरची वेलांटी छाटली जाते आणि खालचा उकार बुडतो. नाव इंग्रजीत भरायचं, मराठी यंत्र आपोआप करणार. पाटीलचं पटिल झालं आणि तेच छापील दस्तात गेलं की मग चूकदुरुस्ती दस्त, पुन्हा दुय्यम निबंधक, पुन्हा खेपा.

फाँटचं कारण सांगू नका. र. कृ. जोशींनी घडवलेला 'मंगल' 2000 सालापासून विंडोजमध्ये आहे. 'मुक्ता'सारखा सुबक देवनागरी फाँट आज फुकट मिळतो. कमी पडते ती इच्छा.

आता किमतीकडे.

पान म्हणतं 60 लाख. घर निर्माणाधीन आहे, परवडणाऱ्या घरांच्या मर्यादेत बसत नाही, खरेदी पुरुषाच्या नावावर. पिंपरी-चिंचवड हद्दीत मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 4 लाख 20 हजार. नोंदणी फी 30 हजार. जीएसटी 5 टक्के, 3 लाख. झाले साडेसदुसष्ट लाख. पार्किंग, फ्लोअर राइज, दोन वर्षांचा मेंटेनन्स, वकील फी अजून बाहेरच उभे आहेत. हे साडेसात लाख पहिल्या स्क्रीनवर दाखवायला काय अडतं? दर जाहीर आहेत. खरेदी बाईच्या नावावर असेल तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे, तीही सगळ्यांना ठाऊक आहे. एक टिकमार्क ठेवा, आकडा बदलू द्या.

उलट होतं काय? 'किंमत जाणून घ्या' दाबलं की मोबाइल नंबर मागतात. नंबर दिला की ओटीपी. ओटीपी दिला की किंमत नाही, फोन येतो. मग आठवडाभर फोनच येत राहतात.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला अशा फसव्या रचनांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. 13 प्रकार नावानिशी सांगितले. खोटी घाई आहे, किंमत हप्त्याहप्त्याने उघड करणं आहे, न मागितलेली वस्तू हळूच टोपलीत सरकवणं आहे. 'फक्त 3 फ्लॅट शिल्लक' हा लाल पट्टा तुम्ही सहा महिन्यांपूर्वीही पाहिलात ना? कुणीतरी पगार घेऊन तो आखला आहे. त्याचा लाल रंगही डिझाइन सिस्टीममध्ये ठरलेला आहे.

ताब्याच्या दोन तारखा हा खास आपल्या भागातला नमुना. टार्गेट पझेशन डिसेंबर 2026, रेरा पझेशन डिसेंबर 2028. पहिली ठळक, दुसरी बारीक. भाडं आणि हप्ता दोन्ही भरणारं जोडपं पहिल्या तारखेवर संसाराचा हिशेब मांडतं. कायदा उभा राहतो दुसऱ्या तारखेमागे.

मग पहिली दाखवताच कशाला?

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे येतो. चिखली. इंद्रायणीचा काठ.

17 मे 2025, शनिवार. पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखलीत 36 बंगले पाडले. ते नदीच्या निळ्या पूररेषेत होते. राष्ट्रीय हरित लवादाने 2024 मध्ये निर्णय दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, आणि मग बुलडोझर आले. लोकांनी प्लॉट पैसे मोजून घेतले होते. घरं बांधली होती, कर्जं काढली होती. राहत्या घरातलं सामान बाहेर काढून लोक समोर उभे राहिले. ज्यांनी कारवाई योग्य मानली, त्यांनाही ते बघवलं नाही. मलाही बघवलं नाही.

निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी. तिच्या आत बांधकामाला बंदी. लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा पाटबंधारे खात्याने आखलेल्या असतात, विकास आराखड्याच्या नकाशावर असतात. गुप्त काही नाही.

मग प्लॉट दाखवणाऱ्या स्क्रीनवर त्या का नसतात?

त्या स्क्रीनवर नकाशा असतो. फार देखणा असतो. शाळेची टोपी, दवाखान्याचा क्रॉस, मॉलची पिशवी, मेट्रोचा डबा. नदीसुद्धा असते, कारण 'रिव्हर व्ह्यू'चे पैसे वेगळे लागतात. नदी दाखवायची आणि तिची पूररेषा दाखवायची नाही, हा निर्णय आहे. कुणीतरी घेतलेला आहे. तो घेताना डिझाइनचा प्रमुख खोलीत होता की नव्हता?

नकाशावर घर शोधणं आपल्याकडे नवं नाही. मुंबईत आयआयटीच्या पोरांनी 2012 मध्ये हाउसिंग डॉट कॉम काढलं, ते नकाशाच्याच जोरावर. घरोघरी माणसं पाठवून फोटो काढले. देखणी मांडणी केली. डिझाइनवर घर विकता येतं, हे त्या कंपनीने देशाला दाखवलं. त्यानंतर सगळ्यांनी नकाशा घेतला, पिना घेतल्या, फोटो घेतले. जमिनीखालची गोष्ट घ्यायची राहून गेली.

चिखलीला आणखी एक रेषा आहे. निगडी, यमुनानगर, रुपीनगर, तळवडे इथल्या माणसाला विचारा, 'रेड झोन' म्हणताच तो सुस्कारा सोडेल. देहूरोडच्या लष्करी दारूगोळा डेपोभोवतीचं संरक्षण खात्याचं निर्बंध क्षेत्र. हद्द डेपोपासून 2,000 यार्ड. तिथे बांधकामाला परवानगी नाही, बँक कर्ज देत नाही. तरी तुकडे विकले जातात, नोटरीच्या कागदावर, साठेखतावर, विश्वासावर. घेणारा कोण? कंपनीतला कामगार. गावाकडची शेती विकून इथे डोक्यावर छप्पर शोधणारा.

यात डिझाइनवाल्यांसाठी खरोखरीचं काम पडलेलं आहे. पुराची रेषा लाल, लष्कराचा झोनही लाल, आणि ॲपमध्ये चूक दाखवणारा रंगही लालच. तीन अर्थ, एक रंग. घेणाऱ्याने काय समजायचं? हे रंग वेगळे करा, खूणपट्टी मराठीत लिहा, गट नंबर टाकताच 'हा गट निळ्या रेषेत येतो' असं वाक्य समोर येऊ द्या. यासाठी डोकं लागतं, सरकारी नकाशे मागवून आणि तपासून घ्यायची चिकाटी लागते, महापालिकेत खेपा घालाव्या लागतात. बटणाच्या सावलीपेक्षा हे शंभरपट अवघड आहे. म्हणूनच त्याला मोठा पगार द्यावा.

पाण्याचं बघा. नोव्हेंबर 2019 मध्ये पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी सुरू झालं आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं. नव्या भागांतल्या कितीतरी सोसायट्या टँकरवर जगतात, मेंटेनन्समधला मोठा घास टँकर खातो. सुविधांच्या यादीत जिमचं चित्र आहे, योगा डेकचं आहे, कुत्र्यांच्या बागेचंही आहे. पाणी कुठून येणार, रोज की दिवसाआड, टँकर किती, याला रकानाच नाही.

रकाना नाही, म्हणून प्रश्न नाही. प्रश्न नाही, म्हणून उत्तर द्यायची जबाबदारीही नाही.

कुणी म्हणेल, महारेरा आहे ना! आहे, आणि त्याचं मोल मोठं आहे. 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक झाला, नसेल तर दंड. कोड स्कॅन करा, प्रकल्पाची सरकारी नोंद उघडते. जमिनीची मालकी, बोजा, दावे, मंजूर नकाशा, तिमाही प्रगती. देशात अशी सोय देणाऱ्यांत आपण पुढे आहोत, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण माहिती उघड करणं वेगळं आणि माणसाला कळेल अशी ठेवणं वेगळं. टायटल रिपोर्ट म्हणजे वकिली इंग्रजीतली पानंच्या पानं, बरेचदा स्कॅन केलेली, शोधता न येणारी. मोबाइलवर ती चिमटीने मोठी करत वाचायची. यावर 'दावा आहे / नाही' एवढी एक ओळ ठळक मराठीत आली तर किती घरं वाचतील?

आणि 500 चौरस मीटरपर्यंतचे किंवा आठ सदनिकांपर्यंतचे प्रकल्प तर रेराच्या नोंदणीतून सुटलेलेच आहेत. चाकण, आळंदी, मोशीच्या कडेला तुकड्यातुकड्याने जी विक्री चालते तिथे ना कोड, ना नोंद. सामाईक सातबाऱ्यावर एक-एक गुंठा. तिथे घेणाऱ्याच्या हातात उरतं काय? व्हॉट्सॲपवर आलेलं चित्र आणि एजंटचं ॲप. म्हणजे जिथे कायद्याचा हात पोहोचत नाही तिथे स्क्रीन आखणाऱ्याची जबाबदारी सर्वांत जास्त.

चाकणच्या आसपास, महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडीत घर विकत घेणारे थोडे, खोली भाड्याने घेणारे फार. आयटीआय झालेला पोरगा लातूरहून, बीडहून, बिहारहून येतो, कंत्राटी कामाला लागतो, तिघांत एक खोली घेतो. भाड्याचं ॲप त्याला आधी विचारतं: फॅमिली की बॅचलर? मग व्हेज की नॉनव्हेज? घरमालक पूर्वी दारात उभं राहून, नजर चुकवून जे विचारायचा, ते आता अधिकृत रकाना झालं. तेही सर्वांत वर.

त्याला काय हवं असतं? डिपॉझिट किती, ते परत कधी मिळणार, किती कापणार. कंपनीची बस कुठे थांबते. सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री गेट उघडं असतं का. यातलं एकही ॲपच्या पहिल्या पानावर नाही.

भाडेकराराची नोंदणी हवी, हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मधलं कलम 55 सांगतं आणि जबाबदारी घरमालकावर टाकतं. करार लेखी आणि नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. खोलीत राहणाऱ्या त्या पोराला हे कुणी सांगितलंय? ऑनलाइन नोंदणीची सरकारी सोय आहे, आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या होते. पण तीत मध्यस्थाशिवाय शिरायला साध्या माणसाची छाती होत नाही, इतकी ती अवघड वाटते. म्हणून अंगठ्याचं यंत्र घेऊन एजंट घरी येतो आणि स्वतःची फी लावतो. सोय सरकारची, कमाई मध्यस्थाची, कारण मधली स्क्रीन नीट आखलेली नाही.

या सगळ्यावर डिझाइनवाल्यांचं एक ठरलेलं उत्तर असतं. 'आम्ही फक्त स्क्रीन करतो. काय दाखवायचं ते बिझनेस ठरवतो.'

हे उत्तर चाकणमध्ये देऊन बघा. पुणे-नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना ज्या गाड्या बनतात, तिथे प्रत्येक सुट्या भागाचं एक ड्रॉइंग असतं, एक नंबर असतो, एक माप असतं. सेल्सने सांगितलं म्हणून कुणी बोल्टचं माप बदलत नाही. वर तिथे 'पोका-योके' आहे. शिगेओ शिंगोंनी टोयोटात 1960 च्या दशकात रुजवलेली पद्धत. भाग उलटा बसूच नये असा साचाच करायचा, म्हणजे दमलेल्या माणसाच्या हातूनही चूक होणार नाही. आणि काही बिघडलंच तर लाईनवरचा साधा कामगारही दोरी ओढून लाईन थांबवू शकतो. बारावीनंतर आयटीआय केलेल्या पोराला जे अधिकार त्या शेडमध्ये आहेत, ते तुमच्या डिझाइनच्या प्रमुखाला एसी ऑफिसात आहेत का?

नसतील तर त्याने ते मागावेत. नोकरी स्वीकारायच्या आधी मागावेत. मुलाखतीत 'तुमच्या सिस्टीममध्ये किती घटक आहेत' हे विचारून होतं. त्याने उलट विचारावं: एकूण किमतीशिवाय पान प्रसिद्ध होणार नाही, हा नियम मी लावला तर तो टिकेल का? 'टोकन भरा' या बटणाखाली 'नोंदणीकृत करार होईपर्यंत 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही' ही कायद्यातलीच ओळ मी छापली तर मला कुणी काढायला सांगेल का? तिथल्या तिथे कळेल, कंपनीला डिझाइनर हवाय की रंगारी.

आणि टीमला बाहेर काढा. वाकडच्या ऑफिसातून चिखलीचा नदीकाठ दूर नाही. हवेलीच्या किंवा खेडच्या दुय्यम निबंधक कार्यालयात एक अख्खा दिवस बाकावर बसवा. दस्तनोंदणीचा उतारा, म्हणजे इंडेक्स टू, हातात घेऊन नाव चुकलंय म्हणून उभी असलेली म्हातारी त्यांना दिसू दे. चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी सहाला उभं करा, म्हणजे 'एमआयडीसीपासून 10 मिनिटे' हा मजकूर आखताना हात थांबेल. मिनिटं काढा, किलोमीटर लिहा.

सुरुवात कुठून करायची, असं विचाराल तर एका रकान्यापासून. गट नंबर किंवा सर्व्हे नंबर, गावाच्या आणि तालुक्याच्या नावासह. तो रिकामा असेल तर जाहिरात पुढे सरकू नये, तो भरला की पूररेषा, रेड झोन आणि आरक्षण यांच्याशी तो ताडून बघितला जावा, आणि निकाल किमतीच्या शेजारी, किमतीच्याच आकाराच्या अक्षरात उमटावा. कंपनीचे मालक म्हणतील, असं केलं तर बिल्डर आपल्याला सोडून दुसऱ्याकडे जातील. सगळे जाणार नाहीत. चोख कागद असलेले बिल्डर या भागात भरपूर आहेत, त्यांना हे हवंच आहे. उरलेले जातील. पण गट नंबर लिहायला ज्याचा हात कचरतो, त्याचा प्रकल्प तुमच्या स्क्रीनवर हवाय कशाला?